उशाशी एक, पायाशी एक

संग्रहालयात जुन्या इजिप्तची लाकडी शवपेटी आहे. तिच्या उशाच्या बाजूला नेफ्थिस देवी रंगवली आहे आणि पायाच्या बाजूला तिची बहीण आयसिस. दोघींच्या पसरलेल्या हातांना पंख आहेत. "या मृताचं रक्षण करतात," गाइड म्हणाला.

मला नाही पटलं. दोघींच्या हातांत ना भाला, ना काठी. असं राखण करतं का कुणी?

बाबा गेले तेव्हा त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून आत्या उशाशी बसली आणि आई पायाशी. आत्या पदरानं त्यांना वारा घालत होती. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, आता कशाला वारा घालताय?"

आत्याचा हात थांबला नाही. "त्याला उकाडा सोसत नाही," ती म्हणाली.

इजिप्तच्या कथेत हेच घडतं. ओसायरिस देव मरतो, तेव्हा त्याची बहीण नेफ्थिस आणि बायको आयसिस त्याच्यापाशी बसतात. आयसिस पंखांनी वारा घालते आणि त्याचा श्वास परत येतो. बाबांचा आला नाही. पण मेलेल्या माणसाला आधी कोणीतरी वारा घातला असणार आणि देवीला पंख मागाहून फुटले असणार, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

संग्रहालयाच्या त्या दालनात एसीचा चांगलाच गारठा होता. तरी दोघींनी हात खाली घेतले नव्हते.