रश्शाविना कोफ्ते

सासरे पहिल्यांदा लेकीच्या घरी जेवायला येणार होते, आणि त्याच दिवशी मी मटणाची सगळी हाडं खाटकाच्या ओट्यावर सोडून आलो.

नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. सासरे पेडगावहून परभणीच्या बाजाराला येत, दारात गाडी सोडत, ओसरीवर बसत, बोलत आणि तहानलेलेच परत जात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्हाला मुलगा झाला. तेवढी सगळी वर्षं बायकोने या एका जेवणाची वाट पाहिली होती. ते जेवण मी माझ्या हातात घेतलं.

झालं होतं असं की, त्या ईदला कचेरीतल्या पेशकारसाहेबांकडे मी भट्टीत भाजलेले कोफ्ते खाल्ले होते. तेव्हापासून आपण निम्मे नवाब झालो, अशी माझी समजूत. कोफ्त्यांच्या शेजारी शोरब्याचा भला मोठा वाडगा होता, तोही मी मागून मागून प्यालो होतो. पण शोरबा म्हणजे आपल्या रश्शाचाच भाऊ, म्हणून तो लक्षातच राहिला नाही.

बायको म्हणाली, "थोडी हाडं ठेवा. माझ्या माणसांना रस्सा लागतो."

"माहेरच्या सवयी आज राहू दे," मी म्हणालो. पुढे खाटकानेही हाडं बांधू का म्हणून विचारलं, त्यालाही मी हातानेच उडवून लावलं. खिमा कुटून आणला, मसाला स्वतः मळला, गोळे थाळ्यात मांडले आणि पाववाल्याच्या भट्टीत नेऊन दिले. तिथे बसून त्याला नवाबी खाण्यावर व्याख्यान दिलं. तोवर कोफ्ते चांगलेच वाळले.

सासऱ्यांबरोबर त्यांचे दोघे भाऊ आले होते. पंगत बसली. तिघांनी ज्वारीच्या भाकरी कुस्करल्या, ताटात मधोमध आळं केलं आणि थांबले. मी ऐटीत प्रत्येकाच्या आळ्यात कोफ्ते ठेवले. कोरड्या आडात धोंडे पडल्यासारखे दिसत होते ते. कोणी हात लावेना. मला वाटलं, बुजले असतील. ईदचा खास पदार्थ आहे, घ्या, असा आग्रह केला.

धाकटे चुलतसासरे शांतपणे म्हणाले, "घ्यायलोत की. रस्सा तर येऊ द्या."

मी आत गेलो. बायकोने दाराआडून सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती, माझ्याकडे बघतही नव्हती. चुलीवर आधण ठेवून डाळीचं पीठ कालवत होती. मी परत बाहेर आलो आणि कोणी विचारलं नसताना भट्टीची माहिती सांगत उभा राहिलो. तिघं खाली मान घालून ऐकत होते. शेवटी तिने बापाच्या ताटात पातळ पिठलं वाढलं.

सासऱ्यांनी पिठलं पुन्हा मागून घेतलं. कोफ्तेही नेटाने चावून संपवले. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो.

गाडी जुंपताना बायकोने बापाला हळूच विचारलं, "दादा, पोट भरलं का?"

सासऱ्यांनी आधी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या पिठल्यानं भरलं, माय. ह्यांचं ते दातात अडकलंय, तेवढं कोरायला एक काडी दे."