टेप लावून निवडलेलं भूमितीचं पुस्तक

माझी नात सातवीत होती. तिचे आईबाप पुण्याला कंपनीत. तेव्हा दोघांच्या पाळ्या वेगळ्या, राहायला एक खोली, म्हणून पोरगी दुसरीपासून आमच्याकडेच सोलापुरात वाढली. घरात आम्ही तिघं. मी, माझी म्हातारी आणि ती. पहिल्या चाचणीत तिला गणितात कमी मार्क पडले, त्यातही भूमितीत तर फारच कमी. ते कळलं तसा लेकाचा फोन आला.

"अप्पा, दिवाळीला येतो आन् तिला घेऊनच जातो. हितं चांगला क्लास हाय."

मी म्हणालो, "सहामाहीपर्यंत थांब. सहामाहीत मार्क पडले तर पोरगी हितंच राहील. न्हाय पडले तर तू म्हणशील तसं. माझा शब्द."

"आन् शिकवणार कोण तिला?"

"मी."

तो हळूच म्हणाला, "अप्पा, तुमी चौथी..."

"चौथी पास," मी म्हणालो आणि फोन म्हातारीकडं दिला.

चौथीनंतर मी वळसंग गावातून शहरात आलो ते कामालाच. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आधी काज-बटणाला होतो, पुढं कटिंगला गेलो आणि म्हातारा होईस्तवर कटिंगलाच राहिलो. लांब टेबलावर कापडाचे थरावर थर टाकायचे, वरच्या थरावर खडूनं रेघा मारायच्या आणि मशीन फिरवायची. वरची एक रेघ चुकली की खालचे सगळे थर चुकले. म्हणून या धंद्यात डोळ्यावर भरवसा ठेवत नाहीत, टेपवर ठेवतात. मी जन्मभर सदऱ्याच्या कॉलरी, खिसे, स्कर्टच्या चुण्या कापल्या. त्रिकोण, चौकोन, अर्धा गोल यातलं मला काय नवं होतं? भूमिती म्हणजे न शिवलेले कपडे, असंच मला वाटत होतं.

पहिलं काम पुस्तकाचं. शाळेचं पुस्तक होतंच, पण त्यानं तिला काही कळलं नव्हतं, म्हणजे पुस्तकातच खोट असणार, असं मी धरलं. खिशात टेप घेऊन नव्या पेठेत गेलो. दुकानदारानं सातवीच्या भूमितीची चार-पाच पुस्तकं पुढं टाकली. एकात गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. मी पान उघडलं. चौकोनाच्या एका बाजूशी लिहिलं होतं, पाच सेंटिमीटर. टेप लावली तर चारही भरेना. दुसरं पुस्तक उघडलं, त्यात आठ सेंटिमीटरची रेघ साडेपाचची. मी ती दोन्ही पुस्तकं बाजूला सारली.

दुकानदार बघत होता. "काय करताय आजोबा?"

"माप बघतोय. खोटं हाय सगळं."

"अवो, ते नुसतं चित्र असतंय. पानावर मावंल तेवढं काढतेत."

"मग मावंल तेवढाच आकडा लिहायचा की. तुमी चाळीसची कॉलर म्हणून अडतीसची विकली तर गिऱ्हाईक गप घेतंय व्हय?"

"मी पुस्तकं विकतो, कॉलरी न्हाय," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. जाता जाता नोकराला म्हणाला, "आजोबांना शिडी दे, वरची बी मोजू देत."

मी खरंच वरची मागितली. सगळ्यात वर, धुळीत, एक बारकं पुस्तक निघालं. कागद पिवळट, चित्रं काळी, पण त्यातली प्रत्येक रेघ लिहिल्याबरहुकूम होती. मी सहा ठिकाणी टेप लावली. एक केसभर फरक नाही. तेच घेतलं. घरी येऊन बघितलं तर सगळं पुस्तक आकृती कशा काढायच्या आणि कशा मोजायच्या याचंच. सिद्ध करा, कारण द्या, असलं त्यात काही नव्हतं. मला ते बरंच वाटलं. फालतू बोलणं नाही, सरळ काम.

तेवढ्यात लेकानं पुण्याहून खोकं पाठवलं. प्लास्टिकचे रंगीत त्रिकोण, चौकोन आणि खुंट्यांची एक पाटी. खुंट्यांना रबर अडकवून आकार करायचे. सोबत सूनबाईचा निरोप, की हे रोज अर्धा तास करून घ्या. मी एक त्रिकोण हातात घेतला. पोरांना टोचू नये म्हणून त्याचे तिन्ही कोपरे गोल केलेले. कोपराच नाही तर कोन कुठं बघायचा? खोकं कपाटावर गेलं. नात मधूनमधून खुर्चीवर चढून ती खुंट्यांची पाटी काढायची, मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. खोक्यांचे जाड पुठ्ठे आणले आणि धारदार सुरीनं आकार कापून दिले, जसे कारखान्यात कॉलरीचे फर्मे कापायचो तसे. संध्याकाळी ती शाळेतून आली, भाकरी-शेंगाचटणी खाल्ली, की आम्ही जमिनीवर बसायचो. मी आकार द्यायचा, तिनं पट्टी आणि कोनमापक लावून सगळ्या बाजू, सगळे कोन लिहायचे. मग मी मोजायचं. फरक आला तर परत.

पोरगी हुशार. पहिल्या आठवड्यात बोटं वळेनात, पुढं केसभर न चुकता मोजायला लागली. दोन बाजू सारख्या असलेला त्रिकोण मध्ये दुमडला की एकावर एक बसतो, हे तिनं कापड दुमडून स्वतःच शोधलं. "अज्जा, हे तर सदऱ्याच्या पाठीसारखं हाय!" म्हणाली. त्या दिवशी मला बरं वाटलं, नाही कसं म्हणू.

"डोळ्याला काय बी दिसंल," मी तिला रोज सांगायचो. "छापलेलं बी चुकीचं असतंय. आपण मोजायचं, आन् आलं ते लिहायचं."

म्हातारी चुलीकडनं, म्हणजे गॅसकडनं, बोलायची. "पोरीला कारखान्यात लावताय का शाळेत?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला कळतंय तेवढं. गुडघं धरून उठताय रोज. वय बघा."

गुडघे धरून उठायचो हे खरं. जमिनीवर बसून बसून कंबर राहिली नव्हती. पण पोरगी जाते का राहते हे त्यावर होतं. ती गेली तर घरात आम्ही दोघंच, एकमेकांची तोंडं बघत. म्हातारी हे बोलत नव्हती, पण पुठ्ठे आणायला मला रोज पिशवी तीच काढून द्यायची.

सहामाही झाली. नात हसत आली. "सगळं मोजलं अज्जा. पेपरात चुका पण होत्या, त्या दुरुस्त केल्या."

मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. उलट मी म्हातारीला म्हणालो, "ऐकलंस?"

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतनं बोलावणं आलं. गणिताच्या बाई तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला आणि पेपर पुढं ठेवला.

"आजोबा, हे बघा. त्रिकोणाचे दोन कोन दिलेत, पन्नास आणि साठ. तिसरा विचारलाय. हिनं काय केलंय? पन्नास खोडून सेहेचाळीस लिहिलंय, साठ खोडून छप्पन्न. आणि उत्तर अठ्ठ्याहत्तर. खाली लिहिलंय, छपाईची चूक आहे, मोजून पाहावे."

मी चष्मा लावला. अक्षर तिचंच. वाक्य मात्र माझं. "तुमी मोजलं का?" मी विचारलं.

बाई हसल्या. "मोजलं. तिचं माप अगदी बरोबर आहे. माझ्या वर्गात इतकं नेमकं कुणीच मोजत नाही. पण इथं मोजायचं नव्हतंच आजोबा. तिन्ही कोन मिळून एकशेऐंशी होतात, त्यातून पन्नास आणि साठ वजा करायचे. सत्तर. संपलं."

"मग असलं खोटं चित्र छापता कशाला?"

"खोटं नाही, नुसती खूण आहे ती. नकाशात सोलापूर टिंबाएवढं असतं. म्हणून काय सोलापूर टिंबाएवढं आहे?"

मी पेपरची पानं उलटली. सबंध भूमितीचा भाग तसाच होता. जिथं चित्र, तिथं तिनं आकडे खोडून आपली मापं लिहिली होती आणि मार्क गेले होते. पहिल्या चाचणीपेक्षा कमी.

"कुठलं पुस्तक वापरता घरी?" बाईंनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते आकृती काढण्यासाठी चांगलं आहे. पण त्याच्याबरोबर विचार करायला लावणारं एक हवं. मी सुचवू का?"

"आज पाणी यायचा दिवस हाय," मी म्हणालो. "निघतो." पाणी आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं.

मी बाईंना पुस्तक विचारलं नाही, आणि मी चुकलो असंही कुणाला म्हणालो नाही. आजही म्हणणार नाही. मी शिकवलं ते खरंच होतं, फक्त त्यांनी ते विचारलं नव्हतं.

घरी नात दारातच उभी होती. तिला सगळं माहीत होतं, बाईंनी वर्गात समजावलं होतं. मी पेपर जमिनीवर पसरला आणि म्हणालो, "सांग मला. हे साठ दिसतंय का तुला?"

"दिसायचं नसतंय अज्जा. साठ म्हटलंय ना, मग साठच धरायचं."

"आपण मोजलं त्याचं काय?"

"ते ह्या चित्राचं झालं. बाई म्हणतात, ज्याचे दोन कोन पन्नास-साठ असला कुठलाबी त्रिकोण घे, मोठा घे, बारका घे, तिसरा सत्तरच येणार. चित्र नसलं तरी सत्तरच."

"चित्र नसलं तरी?"

"नसलं तरी."

मी परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं, जरा हळू, मी म्हातारीला फोन कसा लावायचा ते सांगतो तसं. मग तिनं पेपर उलटा केला. "तुमी कुठलेबी दोन आकडे सांगा." मी सांगितले. तिनं शेंगा सोलता सोलता तिसरा सांगितला. मी आणखी सांगितले. चित्र नाही, पुठ्ठा नाही, पट्टी नाही, आणि पोरीला एकदाही अडायला झालं नाही. मी मनात कापड अंथरायला बघत होतो, रेघ मारायला बघत होतो, तोवर तिचं उत्तर येऊन जायचं. ती खूश होती. मी दमलो होतो. म्हणालो, "पुरे आता," आणि आडवा झालो.

लेक दिवाळीला आला. मार्कांचं त्याला कळलं होतंच. भाऊबीज झाली तशी त्यानं बॅग काढली. नात न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून रडायला लागली. "मला आता येतंय बाबा. सगळं येतंय. अज्जानं घेतलं ते वेगळं होतं, आता मला दुसरं बी येतंय. वार्षिकला बघा."

लेक नरमला. तो मुळात वाईट नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "अप्पा, वार्षिकपर्यंत ठिवू का हवं तर? घ्याल का तुमी करून?"

म्हातारीनं हातातलं काम थांबवलं. तिघंही माझ्याकडं बघत होते. व्हय म्हणायचा अवकाश होता.

"न्हाय," मी म्हणालो. "ने तिला."

"अप्पा..."

"सहामाहीचं ठरलं हुतं. मी शब्द दिलाय."

"जळ्ळा तुमचा शब्द!" म्हातारी ओरडली. "त्या शब्दाशी बोलत बसू काय मी दिवसभर?"

शब्दाचं मी त्यांना सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. ती पेपर उलटा करून उत्तरं देत होती तेव्हाच मला कळलं होतं, की पुढचं पुस्तक मला निवडता येणार नाही. दुकानात उभा राहून मी कशाला टेप लावणार? आणि मी निवडलं तर पोरगी तेच बरोबर मानून मुकाट करंल, कारण मी सांगितलं. छापलेल्यावर भरवसा ठेवू नको म्हणून मी तिला शिकवलं होतं, पण माझ्यावर मात्र तिचा डोळे झाकून भरवसा होता. हे लेकासमोर बोलायची माझी तयारी नव्हती. अजूनही नाही, म्हणून लिहितोय.

एसटी स्टँडवर नातीनं पाया पडताना माझ्याकडं बघितलं नाही. म्हातारीला मात्र मिठी मारली. गाडी हलल्यावर म्हातारी रिक्षाकडं एकटीच चालायला लागली. मी मागनं गेलो. रिक्षात ती म्हणाली, "आता कुणाला मोजताय बघू."

नात रविवारी फोन करते. पहिले काही रविवार अज्जीशीच बोलायची. परवा तिनं मला फोन द्यायला सांगितलं.

"अज्जा, हितल्या क्लासचे सर फळ्यावर हातानंच त्रिकोण काढतात. पट्टीच घेत न्हाईत. लई वाकडा येतो."

"मग?"

"मग काय न्हाय. उत्तर बरोबर येतंय."

मला बरंच विचारायचं होतं. सर कसे आहेत, पुस्तक कुठलं लावलंय, तिला तिथं करमतं का. तोंडातनं निघालं ते एवढंच, "जेवलीस का?"

"व्हय," ती म्हणाली. मग मी फोन म्हातारीकडं दिला.