बेंचाखालचे दोन टिपके

पोलीस खात्यातली माझी नोकरी जेमतेम सहा वर्षांची. ती इतक्या लवकर का सोडली, हे इथे सांगण्याचे कारण नाही. त्या सहा वर्षांत बरेच काही पाहिले. पण सर्वांत जास्त घाबरवले ते एका साध्या दाखल्याने.

मी तेव्हा अकोल्याला, आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या शाखेत उपनिरीक्षक होते. शिक्षण अमरावतीच्या इंग्रजी शाळेतले, त्यामुळे मराठीत पंचनामा लिहिताना अडायचे. माझे रायटर, म्हणजे लिखापढी करणारे हवालदार, निवृत्तीला आलेले होते. ते म्हणायचे, "मॅडम, तुमी सांगा, मी लिहितो. तुमचं लिहिलेलं वाचाले कोर्टात दुसरा साक्षीदार लागन."

एका सकाळी टपालात बिनसहीचा अर्ज आला. एका शासकीय प्रशिक्षण संस्थेला बेंच पुरवण्याची ऑनलाइन निविदा निघाली होती. तिच्यात बाळापूरच्या एका लहान वर्कशॉपने जोडलेला अनुभवाचा दाखला बनावट आहे, असे अर्जात होते. सोबत दाखल्याची प्रत. निविदेत दर पाहण्याआधी पात्रता तपासतात: असे काम पूर्वी केले आहे का, किती केले आहे. त्यात नापास झालेल्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत. लहान माणसाचे सगळे या एका कागदावर अडते.

दाखल्यावर चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका निवासी शाळेचे नाव होते. आम्ही असा दाखला दिलेला नाही, असे शाळेने लेखी कळवले. निविदा काढणाऱ्या कार्यालयाने फिर्याद दिली, गुन्हा नोंद झाला, तपास माझ्याकडे आला. शुक्रवारी साहेबांनी बोलावले.

"त्या वर्कशॉपवाल्या बाईला काळ्या यादीत टाकायचं का, ते कार्यालय सोमवारी ठरवणार आहे. तोवर तिची अटक दाखवा. निविदेवर सही तिची, फायदा तिचा. आणखी काय पाहिजे?"

मी "येस सर" म्हणून बाहेर आले. जिन्यात लक्षात आले की मी त्या बाईला अजून पाहिलेही नव्हते.

त्याच दुपारी हवालदारांना घेऊन बाळापूरला गेले. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड. नऊ कामगार. मालकीण पंचेचाळिशीची, पती गेल्यावर तिने काम हातात घेतलेले. कामगार तिला आपा म्हणत. आम्हाला पाहून तिने वेल्डिंग थांबवले, तोंडावरची काच वर केली.

"मले कायले विचारता मॅडम? मी बेंच बनवते, कागद नाई बनवत."

मी दाखला पुढे केला. तिने तो सावकाश वाचला.

"या शाळेचे बेंच मीच बनवले. पण हा कागद मी आजच पाहून राहिली."

"काम तुमच्या नावावर होतं?"

"नाई. ठेकेदाराच्या नावावर. त्यानं मले बनवाले देल्लं, मी बनवलं, त्यानं पोचवलं."

"मग ही निविदा कोणी भरली?"

"अकोल्याचे टेंडरवाले भाऊ हायेत, त्याइनं. माही सही बी त्याइच्यापाशीच राह्यते."

सही म्हणजे डिजिटल सही, पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू. ऑनलाइन निविदेत तीच मालकाची सही मानली जाते.

हवालदार म्हणाले, "आपा, आपली सही कोणी दुसऱ्यापाशी ठेवते काय?"

"सगळेच ठेवतात साहेब. मले ते कम्प्युटरचं समजत असतं, तं त्याइच्याकडं गेलीच कायले असती?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "एक विचारू मॅडम? तुमी मले नेसान, तं या नऊ जणाइले काय सांगून जाऊ?"

मी वहीत कामगारांचा आकडा लिहिला: नऊ.

निघताना ती म्हणाली, "शाळेत जासान तं बेंच उलटा करून पाहा. सीटच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, वेल्डिंगचे दोन टिपके हायेत. माल खराब म्हणून परत आला, तं आपला हाये का दुसऱ्याचा, समजाले पाह्यजे ना."

टेंडरवाल्या भाऊंचे ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होते. ते लहान उद्योजकांना निविदेसाठी पात्र करून द्यायचे: नोंदणी, कागदपत्रे, अटींची पूर्तता, सगळे. टेबलाच्या खणात सतरा डिजिटल सह्या होत्या. प्रत्येकीला रबर लावून मालकाच्या नावाची चिठ्ठी, चिठ्ठीवरच पासवर्ड. भाऊ अजिबात डगमगले नाहीत.

"दाखला आपानंच आणून देल्ला मॅडम. मी फक्त स्कॅन केला. आता खरा-खोटा मी कसा ओळखू?"

त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. तो मी घेतला नाही. त्या रात्री मला एकच गोष्ट छळत होती: दोघांपैकी एक खोटे बोलत होता, आणि पटण्यासारखे बोलणारे भाऊ होते.

शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून आम्ही लवकर निघालो. वर्गात मुले होती. मुख्याध्यापकांनी त्यांना बाहेर काढले. हवालदारांनी पहिला बेंच उलटा केला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. दोन टिपके. दुसऱ्यावर दोन. वीस बेंच उलटे केले, एकही सुटला नाही. मुख्याध्यापकांनी वस्तूंची नोंदवही काढून दिली. एकशे साठ बेंच मिळाल्याची नोंद, पुरवठादार म्हणून ठेकेदाराचे नाव. त्याला शाळेने रीतसर दाखलाही दिला होता.

तोच ठेकेदार या निविदेतही उतरला होता. पात्रतेची कागदपत्रे उघडली की ती त्या निविदेतल्या बाकीच्यांना दिसतात. बिनसहीच्या अर्जाला दाखल्याची प्रत कुठून जोडली असेल, याचा अंदाज मला तिथेच आला. पण एवढ्याने आपा वाचत नव्हती. अर्ज कोणीही केलेला असो, दाखला बनावटच होता.

परतीच्या वाटेवर मी तो पुन्हा वाचत होते. त्यावर लिहिले होते: एकशे वीस बेंच.

रविवारी आपा आणि भाऊ दोघांनाही बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि एकच प्रश्न विचारला. त्या शाळेला किती बेंच गेले?

आपा म्हणाली, "एकशे साठ. त्यातले चार परत आले होते, पाय हालत होते म्हणून. सरळ करून पाठवले."

भाऊ म्हणाले, "एकशे वीस." एका क्षणात.

मी त्यांच्यापुढे निविदेच्या अटींचे पान ठेवले. अनुभव किमान एकशे वीस बेंचांचा हवा, असे त्यात होते.

"आपाने दाखला आणून दिला म्हणता. जिला परत आलेले चार बेंच आठवतात, ती स्वतःचे चाळीस बेंच कमी करून कागद आणेल?"

भाऊंनी अटींचे पान बाजूला सारले. हवालदार म्हणाले, "बोल बे आता. स्कॅनिंग झालं सगळं."

"काम खरं होतं मॅडम," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "कागदच नवता. ठेकेदार लिहून देत नवता. अट एकशे वीसची होती, मी एकशे वीस टाकले. जास्तीचं एक बी नाई टाकलं."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. म्हणून पंच बोलावून भाऊंचा संगणक जप्त केला. दाखल्याचा कच्चा मसुदा त्यातच सापडला. शिक्का कुठे बनवला ते दुकानही त्यांनी दाखवले.

सोमवारी सकाळी मी कागद साहेबांपुढे ठेवले. ते वाचत असताना मी उभीच होते. शेवटचे पान उलटून ते म्हणाले, "ठीक आहे. बाईला साक्षीदार करा. त्या कार्यालयाला मी कळवतो."

आपा अटकेतून आणि काळ्या यादीतून वाचली. तिची निविदा मात्र बाद झाली. ठेकेदाराचाही जबाब मी घेतला. तो म्हणाला, "बनवून घेतले बेंच. त्यात गुन्हा काय?" गुन्हा काहीच नव्हता. निविदा त्यालाच मिळाली.

मी कागद तपासायला शिकलेली अधिकारी होते. शिक्का, सही, जावक क्रमांक हे सगळे मला पाहता येत होते. खोट्या कागदामागे खरे काम असू शकते आणि खऱ्या कागदामागे दुसऱ्याचे काम असू शकते, हे मला त्या शाळेत, गुडघ्यांवर बसून बेंचाखाली पाहताना कळले. पहिल्यासाठी माझ्याकडे कलम होते. दुसऱ्यासाठी नव्हते.

नोकरी सोडल्यावर एकदा मावसबहिणीच्या प्रवेशासाठी त्याच प्रशिक्षण संस्थेत गेले होते. बेंच नवे होते. नंबर यायला वेळ होता. माझा हात सीटखाली, डाव्या कोपऱ्याकडे गेला.

दोन टिपके होते.

या वेळी तरी आपाने ठेकेदाराकडून काम तिचे असल्याचे लिहून घेतले का, हे मला विचारायचे आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही. ती नाही म्हणाली तर काय बोलायचे, ते मला सुचत नाही.