चुंबकाच्या तोंडाशी

चेन्नईत, वेलचेरीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये श्रीरंजनी एमआरआयचं यंत्र चालवायची. घरी, वेस्ट मांबलमला, तिला रंजनी म्हणत. तंजावरकडची मराठी माणसं. वडील राजगोपाल रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. घरातली मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाल्यावर पुढे शिकायचं तिच्या फार मनात होतं, पण त्याच वर्षी आईला पक्षाघात झाला आणि लवकर नोकरी लागेल असा रेडिओग्राफीचा कोर्स तिनं धरला. अप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "कसाला रडतीस? तिथंही फिजिक्सच आहे की."

आणि ते खरं निघालं. नोकरीवर नवा माणूस आला की रंजनी त्याला आधी बाहेरच्या बाकावर बसवून घ्यायची आणि कॉलेजात शिकलेलं सांगायची. निसर्गात बलं चारच. अणूच्या गाभ्याला बांधून ठेवतं ते तीव्र बल सगळ्यांत जबर, पण गाभ्याबाहेर त्याचा हात पोचत नाही. त्याच्या शंभराव्या हिश्शाचं विद्युतचुंबकीय. त्याहून पुष्कळ खाली क्षीण बल, ज्याच्यावाचून सूर्य पेटला नसता. आणि तळाला, बाकीच्यांच्या पासंगालाही न पुरणारं, गुरुत्वाकर्षण. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात ते विजेच्या बलानं. ते आणि त्यांच्यातलं गुरुत्व यांची तुलना करायची तर एकावर छत्तीस शून्यं मांडावी लागतात. "म्हणून," ती सांगायची, "आतल्या चुंबकाजवळ लोखंड नेलं तर पृथ्वी ते धरून ठेवील या भरवशावर राहू नका. तिच्यानं व्हायचं नाही."

ऐकणारे मान डोलवायचे. सेंटरच्या डॉक्टर क्षमा हसून म्हणायच्या, "लोखंड न्यायचं नाही, एवढंच सांग ना. छत्तीस शून्यं कशाला?" पण रंजनीला वाटायचं, कारण कळलं की माणूस नियम विसरत नाही.

मार्गशीर्षातल्या त्या दुपारी मात्र आत आला तो माणूस सेंटरचा नव्हता. उमाकांत नुकताच पुण्याहून शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत बदलून आला होता. आई शैलाताईंना मणक्याच्या दुखण्यासाठी स्कॅनला घेऊन आला होता. तमिळ त्याला येत नव्हतं. रंजनी मराठीत बोलली तेव्हा त्याचा चेहराच खुलला. तिनं शैलाताईंना घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावलं, हातात रबरी फुगा दिला आणि समजावलं, "कासावीस वाटलं तर हा दाबा. मी काचेपलीकडेच आहें."

स्कॅन अर्ध्यावर आला आणि फुगा वाजला. एकदा नाही, सारखा वाजत राहिला. माइकमधून धाप ऐकू आली. शैलाताईंना दम्याची जुनी व्याधी होती, आणि भीतीनं ती नेमकी आत उसळली होती.

रंजनीनं स्कॅन थांबवला आणि ती दार उघडून आत धावली. रोग्याला काही झालं तर आधी खोलीबाहेर काढायचं, उपचार बाहेर, हा नियम. तिनं टेबल मागे घेतलं, शैलाताईंना उठवून बसवलं. त्यांचे ओठ काळसर दिसत होते. "हळू श्वास घ्या, बाहेर जातोंत आपण," असं ती म्हणते न म्हणते तोच दारात सावली पडली.

उमाकांतनं आईची धाप ऐकली होती. बाहेर उभ्या रुग्णवाहिकेतल्या रोग्यासाठी आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर कॉरिडॉरमध्ये उभं होतं. चांगलं बारा-पंधरा किलोचं असेल. ते छातीशी कवटाळून तो उंबऱ्यापाशी आला होता.

"मागं व्हा," रंजनी ओरडली. "आत नका येऊ."

यंत्राचा आवाज बंद होता. बंद यंत्रात चुंबक बंद नसतं, हे त्याला कोण सांगणार? त्यानं पुढचं पाऊल टाकलं.

रंजनीनं शैलाताईंच्या बगलेत हात घातले आणि दोघी टेबलाच्या कडेनं खाली आल्या, पडल्याच म्हणा ना. तेवढ्यात उमाकांतच्या हातातलं ओझं हलकं झालं आणि लगेच ओढू लागलं. घाबरलेला माणूस हातातली वस्तू आणखी घट्ट धरतो, त्यानंही धरली. सिलिंडर त्याला फरपटत घेऊन गेलं. लोखंडावर लोखंड आपटावं तसा आवाज झाला. सिलिंडर यंत्राच्या तोंडावर आडवं जाऊन चिकटलं होतं आणि उमाकांतचा उजवा पंजा त्याच्यामागे दबला होता.

तो नुसता हाताकडे बघत राहिला.

डॉक्टर क्षमा धावत आल्या. त्यांनी आणि रंजनीनं आधी शैलाताईंना बाहेर नेलं. तिथे दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना पंप दिला. मग दोन वॉर्डबॉय आणि वॉचमन, अंगावरचं सगळं धातूचं काढून, आत आले. तिघांनी मिळून सिलिंडर ओढलं. ते जागचं हललं नाही. भिंतीत चिणलेला खांब ओढावा तसं ते तिघं लाल होऊन मागे सरले.

"मेन स्विच बंद करा," वॉचमन तमिळमध्ये म्हणाला.

"त्यानं काही होणार नाही," रंजनी म्हणाली. "वीज गेली तरी हे चुंबक विझत नाही. आतलं हेलियम सोडावं लागेल."

त्याचं लाल बटण भिंतीवर होतं, काचेच्या झाकणाखाली. नोकरीला लागल्यापासून तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. दाबलं की आतलं गोठवणारं द्रव हेलियम उकळून वायू होतं आणि नळीवाटे गच्चीवर निघून जातं. चुंबकाचा जोर उतरतो. पण नळी मोकळी हवी. गेल्या वादळात गच्चीवरचा पत्रा उडाला होता. नळीच्या तोंडावर काही अडकलंय का, ते अजून कुणी चढून पाहिलं नव्हतं. ती बुजलेली असली तर सगळा वायू या खोलीत शिरणार आणि श्वासापुरती हवा राहणार नाही. आणि उमाकांत तर भिंतीला खिळल्यासारखा यंत्राला खिळलेला.

"इंजिनियर किती वेळात येईल?" क्षमांनी विचारलं.

"मघाशीच फोन केला," रंजनी म्हणाली. "अंबत्तूरहून निघतो म्हणतो, तास तरी लागेल."

दोघींनी उमाकांतच्या हाताकडे पाहिलं. बोटांची जी टोकं दिसत होती ती निळी पडत चालली होती. सिलिंडरखालून रक्ताची बारीक धार यंत्राच्या पांढऱ्या कडेवर उतरत होती. क्षमा हळू आवाजात म्हणाल्या, "हात जाईल रंजनी. निर्णय तुझा नाही, माझा आहे. दाब."

"दाबते. पण तुम्ही सगळे बाहेर व्हा, दार सताड उघडं ठेवा."

"आणि तू?"

"सुटलं की ते खाली येणार, अक्का. याच्या अंगावर."

हे बाकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चुंबकाची पकड सुटली की इतका वेळ हरलेली पृथ्वी सिलिंडर मागून घेणार होती. रंजनीनं टेबलावरची स्पंजची गादी ओढून खाली अंथरली. उमाकांतला एका बाजूला गुडघ्यांवर बसवलं. हेलियम छताकडे चढतं, तेव्हा डोकं जितकं खाली तितकं बरं.

"मी मरतोय का?" त्यानं विचारलं.

"नाही. माझ्याकडं बघा. गरगरलं तर सांगा."

तिनं काच वर करून बटण दाबलं आणि परत त्याच्याजवळ येऊन बसली.

आधी काहीच झालं नाही. मग यंत्राच्या पोटातून घरघर सुरू झाली, वाढत वाढत रेल्वेचं इंजिन छातीवर यावं तशी. छताजवळच्या सांध्यातून पांढरं धुकं सुटलं आणि खाली लोंबू लागलं. भिंतीवरचा प्राणवायू घटल्याचा अलार्म किंचाळायला लागला. नळी बुजलीय, रंजनीला वाटलं. तिनं उमाकांतची मान आणखी खाली दाबली आणि दुसऱ्या हातानं सिलिंडरचा वरचा भाग धरून ठेवला. धुकं तिच्या केसांपर्यंत आलं. बोटं गारठली. दारातून क्षमा काही ओरडत होत्या, ते ऐकू येत नव्हतं.

धुकं मात्र त्याखाली उतरलं नाही. गच्चीवर धावलेल्या वॉचमननं पाहिलेलं नंतर कळलं: नळीचं अर्धं तोंड मोकळं होतं, त्यातून पांढरा लोट आभाळात जात होता.

मग तिच्या हाताला सिलिंडर जड लागलं. इतका वेळ त्याला वजनच नव्हतं. आता ते हळूहळू येत होतं. "ओढा हात," ती म्हणाली. उमाकांतनं ओढला. ती सिलिंडरला बगल देऊन मागे झाली आणि ते गादीवर धपकन पडलं. दोघं रांगतच दाराबाहेर आले.

उमाकांतचा हात वाचला. दोन बोटं पुरती वाकत नाहीत, एवढंच राहिलं. शैलाताई त्याच संध्याकाळी चालत्या-बोलत्या झाल्या. चौकशी झाली, सिलिंडर कॉरिडॉरमध्ये ठेवायचं नाही आणि आतलं दार एकट्या माणसाच्या भरवशावर ठेवायचं नाही, असं ठरलं. नळीही दुरुस्त झाली.

पोंगलनंतर एका रविवारी मायलेकरं मांबलमच्या घरी आली. अप्पांनी "येवा, बसा" म्हणून काफी पुढे केली. उमाकांत कप फिरवत म्हणाला, "एक विचारू? डॉक्टर क्षमांकडून तुमची छत्तीस शून्यं ऐकली. गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं आहे म्हणता, मग आयुष्यभर आपल्याला तेच कसं जाणवतं?"

"विजेत धन आणि ऋण असतात," रंजनी म्हणाली. "एकमेकांना पुसून टाकतात. गुरुत्वाला उणं ठाऊक नाही. कणाकणाचं थोडंथोडं साठत जातं, आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीचं मिळून आपल्याला पुरेसं होतं."

शैलाताई लेकाच्या हाताकडे बघत होत्या. "मला ते काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुला पोरी, आत जायची भीती नाही वाटत?"

रंजनीनं त्यांच्या कपात आणखी काफी ओतली. तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं की सेंटरचा नुसता वास आला तरी तिचे तळवे भिजतात.

त्याच आठवड्यात नवं हेलियम भरून इंजिनियरनं चुंबकाचा जोर पुन्हा चढवला. पहिल्या दिवशी पहिला रोगी आला, जनकोजी नावाचे एक म्हातारे गृहस्थ, गुडघा दुखतो म्हणून. रंजनीनं त्यांचे खिसे दोनदा तपासले. दाराशी येऊन तिचे पाय थांबले.

"काय झालं गं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "दार उघडत नाही का?"

"उघडतं," ती म्हणाली. त्यांचा हात धरला आणि त्यांच्याआधी स्वतः आत गेली.