समोरच्या खिडकीचे अस्तर

सारा परिसर तिला पडदेवाली मावशी म्हणत असे. पडदे शिवण्याच्या व्यवसायात तिने असंख्य घरांच्या खिडक्या आतून मोजल्या होत्या. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र पडदा नव्हता. नवरा वारला, मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, आणि त्यानंतर तिथे झाकण्यासारखे काही उरले नव्हते.

घराचे कर्ज नवऱ्याच्या हयातीतच फिटले होते. बँकेतल्या अधिकाऱ्याने सुचवले, की हेच घर तारण ठेवून दुसरी सदनिका घ्यावी आणि तिच्या भाड्यातून हप्ते फेडावेत.

“मावशी, घर नुसतं बसून खातंय तुमचं. त्याला जरा कामाला लावा.”

“आणि ते दमलं तर, साहेब?”

“मग आम्ही आहोतच की!”

“तीच तर भीती आहे,” असे म्हणत तिने सही केली.

एजंटने रुग्णालयाजवळची सदनिका दाखवली. तिथे भाडेकरूंची वानवा नव्हती. तिने घेतली ती मात्र समोरच्या इमारतीतली, तिच्या स्वयंपाकघराच्या थेट पुढ्यातली. मधे फक्त एक अरुंद गल्ली. भाडेकरूंवर लक्ष राहील, असे कारण तिने मुलीला फोनवर दिले. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

त्या सदनिकेच्या खिडकीला तिने झिरझिरीत पांढरे कापड लावले. असा पडदा दिवसा आतल्या माणसाला आडोसा देतो आणि आत दिवा लागला की सगळे बाहेरच्याच्या हवाली करतो, हे तिच्या धंद्यात नवशिक्यालाही ठाऊक असते.

पहिले भाडेकरू म्हणजे एक तरुण जोडपे. संध्याकाळी ती दोघे जेवायला बसली, की मावशीही आपले ताट घेऊन खिडकीशी बसे. तो हातवारे करून काही सांगे, ती हसून मान मागे टाके. शब्द ऐकू येत नसत. तरी मावशीही हसे, आणि नकळत एक घास जास्त जाई. काही महिन्यांत जोडप्याने घर सोडले. नंतर आलेली परिचारिकाही टिकली नाही. समोर दिवा लागेनासा झाला. केवळ शिलाईवर हप्ता भागेना, आणि बँकेकडून दुसऱ्यांदा आलेली सूचना थेट राहत्या घराच्या जप्तीविषयी होती.

तिने घाबरून एजंटला बोलावले. तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“मावशी, राग मानू नका. दोन्ही भाडेकरूंकडून एकच तक्रार आली. समोर कुणी बाई बसते म्हणे, टक लावून. घास उतरत नाही घशाखाली.”

“कोण बाई?”

एजंटने खिडकीकडे पाहिले, मग खिडकीशी ओढून ठेवलेल्या एकुलत्या खुर्चीकडे.

“तिकडे जाड पडदा लावा,” तो हलकेच म्हणाला. “तुम्हाला काय सांगायचं त्यातलं!”

तिने घट्ट विणीचे कापड आणले, त्याला काळे अस्तर जोडले. दोन पडदे मधोमध एकमेकांवर चढतात, त्या पट्टीपाशी येऊन तिचा हात थबकला. ही पट्टी दोन बोटे कमी धरली असती तर मधे एक उभी फट राहिली असती, आणि भाडेकरूंना ती कळलीही नसती. कात्री बराच वेळ कापडावर टेकून होती. मग तिने पट्टी पुरती धरली, किंबहुना किंचित जास्तच, आणि शिवण दुहेरी घातली.

महिनाअखेरीस एक कुटुंब राहायला आले. भाडे वेळेवर येऊ लागले, हप्ते सुरळीत झाले, घर वाचले.

“कशी आहेत गं माणसं, आई?” मुलीने फोनवर विचारले.

दिवेलागण झाली होती. गल्लीपलीकडची खिडकी भिंतीइतकीच काळी होती. चारही कडांतून उजेडाचा एक धागासुद्धा निसटत नव्हता.

“पडदा छान बसलाय,” मावशी म्हणाली, आणि ताट वाढायला उठली.