वाया जाणारे मत

कल्याणच्या म्युनिसिपालिटीत लोकांनी निवडलेले सभासद बसू लागले, त्या वर्षी मी तरुण वकील होतो आणि स्वतःस फार शहाणा समजत होतो. गावात तट दोनच: एक व्यापाऱ्यांचा, दुसरा इनामदारांचा. वर्षभर ते एकमेकांची लक्तरे काढीत आणि लग्नसराईत एकाच पंक्तीला बसून जिलब्या चेपीत. असल्या ढोंग्यांपैकी एका इनामदाराचे काम मी पत्करले होते.

बंदराच्या वॉर्डात जागा एकच; तीसाठी हा इनामदार आणि एक व्यापारी उभे होते. ज्याला सर्वांत अधिक मते, तो सभासद. बाकीच्यांची मते केराच्या टोपलीत. तेथून कोळीवाड्याचा एक म्हातारा नाखवा तिसरा म्हणून उभा राहणार होता. ओहोटीला कोळणी गुडघाभर चिखलातून मासळी आणीत. तेथे दगडी पायऱ्या व्हाव्यात, एवढेच त्याचे मागणे. त्याची सून त्याच चिखलात पडून हाताने अधू झाली होती.

इनामदाराने मला त्याच्याकडे धाडले.

"नाखवा, तुम्हांला दिलेले मत वाया जाईल," मी म्हणालो. "उलट इनामदारांची मते फुटून व्यापारी मात्र निवडून येईल. बसा. पायऱ्यांचा शब्द इनामदार देतात."

"मंग नारल सोर दर्यान."

नारळ पाण्यात सोडून दिलेला शब्द कोळी कधी फिरवीत नाहीत. इनामदार आला नव्हता. नारळ मी सोडला. वकिलाचा हात तो धन्याचाच हात, असे त्या भोळ्याने मानले. तसे नसते, हे मला पक्के ठाऊक होते.

मत देताना मामलेदारापुढे उभे राहून उमेदवाराचे नाव तोंडाने सांगायचे असे. सारा कोळीवाडा इनामदाराचे नाव सांगून गेला. इनामदार निवडून आला. पायऱ्याही झाल्या, पण त्याच्या भाताच्या वखारीपुढे! या एकाच ठरावावर दोन्ही तटांचे एकमत झाले. मी जाब विचारला, तेव्हा इनामदार हसून म्हणाला, "नारळ तुम्ही सोडलात, वकीलसाहेब. मी कुठे?"

त्याचा मला तिटकारा आला. माझा स्वतःचा येण्यास मात्र बरीच वर्षे लागली.

नाखवा एकदा दारी आला. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

"वकीलसायेब, मी हुबा रायलो असतो, तं मना किती मतां परली असती?"

"तुम्ही निवडून आला नसता, नाखवा."

"त्या नाय इचारला. किती?"

पुढच्या निवडणुकीत दोन्ही तटांपैकी कोणीही कोळीवाड्याची पायरी चढले नाही. कोळ्यांची भीती बाळगावी, एवढा त्यांच्या मतांचा आकडा कोणी ऐकलाच नव्हता.