डोळे तुझ्या हातानं नको

हे मी लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही चित्रकलेच्या. लिहिणं माझं काम नाही. चुकलं तर माफ करा. पण न लिहून भागत नाही.

"बास. डोळे राहू दे," मालक म्हणाले.

ढोकीजवळ त्यांचा मळा, मळ्यात बंगला. त्यांच्या आई, आक्कासाहेब, वारलेल्या. वर्षश्राद्धाला त्यांचं मोठं चित्र हवं होतं. माझी माय तिथं झाडलोट करायची, म्हणून काम मला मिळालं. गोठ्याशेजारच्या खोलीत सुट्टीभर रंगवत होतो. काठाचं लुगडं, कपाळ, हातावरच्या शिरा. डोळे शेवटी. मूर्तीलाही डोळे शेवटीच देतात, तेव्हा जीव येतो.

"सोलापूरहून आपला माणूस येतोय. डोळे तो काढील. पूजेत राहणार फोटो. तुझ्या हातानं नको. समजून घे, हुशार हैस."

लुगडं चाललं. हात चालले. डोळे नाही.

माय दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

मी ब्रश पुसला. "मालक, पुरं करीन तर मीच. न्हायतर असंच राहू द्या."

मालक हसले. मायला म्हणाले, "लई शिकला गं तुझा पोरगा."

चित्र तिथंच राहिलं. वाटेत माय रडली. "दोन डोळ्यांपायी माझं काम घालवतोस का रं?"

तेव्हापासून तो चेहरा माझी पाठ सोडत नाही. वर्गात मॉडेल समोर बसलं की माझ्या कागदावर दोन पांढऱ्या जागा राहतात. हात तिथं जातच नाही. बसच्या काचेत तोच चेहरा. जिवंतपणी आक्कासाहेबांनी माझ्याकडं कधी बघितलं नाही. ओंजळीत वरून पाणी ओतायच्या, नजर भिंतीकडं. आता डोळे नसताना बघतात.

बघू देत. अर्धं माणूस मी पुन्हा कुणासाठी रंगवणार नाही. बंगल्यात नाही, कुठंच नाही.

मायचं काम मात्र टिकलं. त्या चित्राविषयी ती बोलत नव्हती, मी विचारत नव्हतो. परवा तिचा फोन आला.

"फोटो लावला रं. त्या माणसानं डोळे बसविले. पूजा झाली. मला म्हनले, खालची फरशी पूस, फोटोला हात लावू नको."

"मग?"

"म्या म्हनलं, माझ्या लेकरानं काढलाय त्यो. फडकं तिथंच टाकलं. उद्यापासनं म्या जात न्हाय."